पायाच्या शिरांचा जुना विकार, त्वचेतील बदल आणि दाबाचे उपचार

समुद्रकाठ

घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा हळूहळू तपकिरी होत जाते, संध्याकाळी साध्या मोज्याच्या रबराची खूणही खोल उमटते, रात्री खाज सुटते आणि काही वर्षांनी तीच त्वचा घट्ट, कडक होते. आपल्याकडे पुष्कळ माणसे हे दुखणे इसब समजून अंगावर काढतात. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांची उभी हयात फळ्यासमोर गेली. त्यांच्या डाव्या पायाला लावलेल्या मलमांची गणतीच नाही. प्रत्येक मलमाने खाज चार दिवस थांबे आणि पुन्हा सुरू होई. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी त्यांना उभे करून दोन्ही पाय मांडीपासून तळव्यापर्यंत पाहिले आणि कलर डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, करून आणायला सांगितले. मूळ दोष शिरांच्या झडपांमध्ये निघाला. उपचार म्हणून दाबाचे मोजे लिहून दिले गेले, आणि खरे प्रश्न तिथून पुढे सुरू झाले. त्यासाठी हा धागा.

आधी मला समजलेले मांडतो. जाणकारांनी त्यात भर घालावी. पायातले रक्त हृदयाकडे चढते ते मुख्यतः पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनाने, आणि चढलेले रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये एकदिशा झडपा असतात. निश्चल उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिमी पारा एवढा दाब असतो. निरोगी माणूस चालू लागला की काही पावलांतच तो ३० मिमीच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. झडपा निकामी झाल्या असतील, किंवा पूर्वी खोल शिरेत गुठळी होऊन मार्ग अडला असेल, तर चालतानाही हा दाब पुरेसा उतरत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षे चढा राहिलेला हा दाब शेवटी त्वचेतल्या केशवाहिन्यांवर येतो. त्यांच्यातून पाणी आणि प्रथिने बाहेर झिरपतात, म्हणून सूज येते. तांबड्या पेशी बाहेर पडून फुटतात आणि त्यांतले लोह त्वचेत साठते, म्हणून तपकिरी रंग येतो. पांढऱ्या पेशी तिथे अडकून दाह चालू ठेवतात, म्हणून खाज, लाली आणि खपल्या येतात. हा दाह जुना झाला की त्वचेखालची चरबी तंतुमय होऊन आक्रसते. घोटा बारीक आणि वरची पोटरी फुगीर दिसू लागते.

डॉक्टरांच्या कागदावर ‘सी४बी’ असे लिहिलेले होते. १९९४ साली हवाई बेटांवर झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत शिरांच्या विकाराची जी वर्गवारी ठरली आणि पुढे २००४ व २०२० मध्ये सुधारली गेली, तिच्यातला हा टप्पा आहे. सी२ म्हणजे फुगलेल्या नागमोडी शिरा, सी३ म्हणजे सूज, सी४ए म्हणजे रंगबदल किंवा इसब, सी४बी म्हणजे कडक झालेली त्वचा किंवा जुन्या जखमेच्या खुणेसारखे पांढरट चट्टे, सी४सी म्हणजे घोट्याखाली पंख्याप्रमाणे पसरलेल्या बारीक निळ्या शिरा, सी५ म्हणजे भरून आलेली जखम आणि सी६ म्हणजे उघडी जखम. माझे वडील जखमेच्या अलीकडच्या टप्प्यावर उभे आहेत. त्यांना तिथेच थांबवायचे असेल तर बाहेरून दाब देण्यावाचून गत्यंतर नाही, एवढे मला कळले आहे.

आता प्रश्न. मोजे कोणत्या दाबाचे घ्यावेत, माप कसे द्यावे, वयस्क माणसाने ते चढवावेत कसे, कोकणातल्या दमट हवेत ते दिवसभर घालता येतील का, आणि काळा पडलेला रंग पुन्हा उजळेल का? आपापले अनुभव सविस्तर लिहावेत ही विनंती.

निर्गुडी

मी त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. त्वचेत साठलेल्या लोहाचा रंग फार सावकाश फिका होतो आणि बहुतेकांच्या बाबतीत पूर्णपणे जात नाही. दाबाच्या उपचाराचे यश रंगावरून मोजू नये. सूज उतरणे, खाज थांबणे, लस वाहणे बंद होणे, कडक त्वचा चिमटीत थोडी धरता येऊ लागणे आणि जखम न होणे या यशाच्या खुणा आहेत. रंग गेला नाही म्हणून कित्येक रुग्ण मोजे टाकून देतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तोवर मोज्यांनी आपले काम चोख बजावलेले असते.

दुसरी गोष्ट मलमांची. शिरांमुळे आलेल्या इसबावर ठरावीक काळापुरते मध्यम ताकदीचे स्टेरॉइड मलम आणि रोज साधे, सुगंधविरहित स्निग्ध मलम एवढेच बहुधा पुरते. आपल्याकडे मात्र मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी, स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक यांची एकत्र मिसळ असलेली मलमे महिनोन्महिने लावली जातात. अशा पायाच्या त्वचेला ॲलर्जी फार लवकर जडते. निओमायसिन हे जंतुनाशक, त्याच्याच कुळातले फ्रामायसेटिन, लॅनोलिन ही लोकरीतली चरबी, सुगंधी द्रव्ये आणि रबरातली रसायने ही नेहमीची कारणे आहेत. मलम लावल्यावर खाज वाढत असेल तर औषध कमी पडते आहे असे समजून ते अधिक लावू नये. ते औषधच बाधते आहे का, हे तपासून घ्यावे. जखमेवर हळद, चुना किंवा पाल्याचा लेप लावून आलेले रुग्णही दर आठवड्याला पाहते. त्यांना रागावण्यात अर्थ नसतो, कारण पाय दाबाने बरा होतो हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलेच नसते.

तिसरी गोष्ट लालीची. शिरांच्या दाहामुळे पाय लाल, गरम आणि दुखरा होतो तेव्हा त्याला अनेकदा जंतुसंसर्ग समजून पुन्हा पुन्हा प्रतिजैविके दिली जातात. लाली दोन्ही पायांवर असेल, ताप नसेल, खाज आणि खपल्या असतील आणि पाय उंच ठेवल्यावर ती उतरत असेल, तर शिरांचा दाह अधिक संभवतो. एकाच पायावर झपाट्याने पसरणारी लाली, थंडी वाजून ताप आणि स्पर्श सहन न होणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. तेव्हा मात्र वेळ दवडू नये. पायाला जुनी सूज आहे आणि वारंवार खरा संसर्ग होतो, अशांनाही दाबाचा लाभ होतो. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अशा ८४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दाबाचा उपचार घेणाऱ्यांपैकी १५ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांना पुन्हा संसर्ग झाला, आणि फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेवेत आहे. वरची चर्चा वाचून कोणी थेट मोजे विकत आणू नयेत म्हणून लिहितो आहे. पायाची प्रत्येक सूज शिरांची नसते. आमच्या भागात, तसेच चंद्रपूर आणि भंडाऱ्याकडे, हत्तीरोगाची सूज आजही दिसते. तिच्यात सूज पावलाच्या वरच्या भागावर आणि बोटांवरही येते, आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचेची चिमटी घेता येत नाही. शिरांच्या सुजेत बोटे बहुधा मोकळी असतात. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि थायरॉइड तपासून घ्यावे. रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिन या गोळीनेही घोटे सुजतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण डॉक्टरांना आठवणीने सांगावे. हृदय नीट काम करत नसताना, धाप लागत असताना पायांवर जोराचा दाब दिला तर पायातले पाणी एकदम छातीकडे जाते आणि जीव धोक्यात येऊ शकतो.

चाफेकळी

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि दोन्ही घोट्यांजवळ काळे डाग आहेत. पावलांना मुंग्या येतात. शेजारच्या बाईंनी वापरलेले दाबाचे मोजे त्यांना दिले आहेत. ते घालावेत का?

थेम्सकाठ

चाफेकळीताई, कृपा करून ते मोजे अजून घालू देऊ नका. मी मूळची सांगलीची. लंडनमध्ये पायांच्या जखमांच्या दवाखान्यात परिचारिका आहे. आमच्याकडे एक नियम कोणत्याही परिस्थितीत मोडला जात नाही, तो म्हणजे दाब देण्याआधी धमन्या, म्हणजे पायाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या, तपासणे. रुग्णाला काही वेळ सपाट झोपवून दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब हातातल्या छोट्या डॉप्लर यंत्राने मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. गुणोत्तर ०.८ ते १.३ या दरम्यान असेल तर पूर्ण दाब देता येतो. ०.५ ते ०.८ असेल तर कमी दाब, आणि तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. ०.५ च्या खाली असेल तर दाब मुळीच द्यायचा नाही. तिथे आधी धमनीचा उपचार करावा लागतो. मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत चुना साठून त्या कडक होतात, त्यामुळे आकडा १.३ च्या वर जातो आणि रक्तपुरवठा उत्तम असल्याचा आभास निर्माण होतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात. शिवाय मुंग्या येतात म्हणजे पावलांची संवेदना कमी झालेली असण्याची शक्यता आहे. मोजा कुठे काचला, तर त्यांना ते कळणारही नाही. शेजारणीच्या पायाच्या मापाचा मोजा या कारणानेही धोक्याचा आहे.

आता पट्ट्यांविषयी, कारण उघडी जखम असताना किंवा सूज फार असताना सुरुवात बहुधा पट्टीने होते. पट्टीखालचा दाब ती किती ताणली आणि तिचे किती थर दिले यावर वाढतो, आणि पायाचा घेर जेवढा मोठा तेवढा तो कमी होतो. त्यामुळे पाय वरच्या दिशेने रुंद होत गेला असेल तर सारख्या ताणाने गुंडाळलेली पट्टी घोट्याला जास्त आणि गुडघ्याखाली कमी दाब देते, आणि हवे असते ते हेच. परंतु कडक त्वचेमुळे घोटा अगदी बारीक आणि पोटरी फुगीर झालेल्या पायावर घोट्यापाशी दाब जरुरीपेक्षा जास्त होतो. तिथे आधी कापसाचा जाड थर देऊन पायाला आकार द्यावा लागतो. नडगीचे हाड, घोट्याची हाडे आणि टाचेमागची धोंडशीर (जाड स्नायूबंध) यांवरही कापूस हवा. पावलाचा कोन काटकोनात ठेवून, बोटांच्या मुळापासून सुरुवात करून, टाच पूर्ण झाकून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा निम्मा भाग झाकेल असा गुडघ्याच्या खालपर्यंत न्यायचा असतो. टाच उघडी ठेवली तर सगळी सूज तिथे गोळा होते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी फक्त टाच बांधायला लावते. ती जमली की बाकीचा पाय जमतो.

चार थरांची जी पट्टी जगभर प्रसिद्ध झाली, ती १९८० च्या दशकात लंडनच्याच चेअरिंग क्रॉस रुग्णालयात विकसित झाली. कापूस, क्रेप, लवचिक पट्टी आणि सर्वांत वर स्वतःलाच चिकटणारी पट्टी असे ते चार थर, आणि घोट्याला साधारण ४० मिमी दाब. ती आठवडाभर ठेवता येते.

ऊनसावली

आपण सर्वांनी लिहिलेले पटते, पण मी अकोल्याचा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात गुडघ्यापर्यंत आवळलेला मोजा घालून बसणे जिवावर येते. मी बस वाहक म्हणून निवृत्त झालो. माझ्या पायाला खाज आहे, डाग आहेत, जखम अजून नाही. मोज्यांच्या चांगल्या जोडीला काही हजार रुपये सांगतात, म्हणून मी मेडिकलमधून साधी क्रेप पट्टी आणून सकाळी स्वतःच बांधतो. दुपारपर्यंत ती घोट्याशी येऊन पडते. ती पुरेशी आहे का? आणि नसेल तर पेन्शनीवर जगणाऱ्या माणसाने काय करावे?

पाऊलवाट

ऊनसावली काका, मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि दाबाचे मोजे बसवून देणे हे माझे रोजचे काम आहे. आपला प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

साधी क्रेप पट्टी मुरगळलेल्या घोट्याला आधार देण्यापुरती ठीक असते. तिचा ताण काही तासांत ढिला पडतो, आणि घसरून घोट्याशी गोळा झालेली पट्टी तिथे दोरीसारखी काचते. तेव्हा ती न बांधलेली बरी. जी पट्टी फार ताणली जात नाही, तिला शॉर्ट स्ट्रेच म्हणतात. पोटरी आकुंचन पावताना ती ढिली होत नाही, त्यामुळे चालताना तिच्याखालचा दाब चांगला वाढतो आणि झोपल्यावर उतरतो. आतली झडप जे काम करत नाही, त्याचा बराचसा भार ती उचलते. हीच पट्टी धुऊन पुष्कळ वेळा वापरता येते आणि ती मोज्यांहून स्वस्त पडते. मात्र घरातल्या एका माणसाने ती बांधायला नीट शिकली पाहिजे. त्यासाठी एखाद्या सकाळी मुलाला किंवा सुनेला बरोबर घेऊन फिजिओथेरपी विभागात जावे.

दाबाच्या वर्गांबद्दल बराच घोळ आहे. जर्मन पद्धतीत पहिला वर्ग १८ ते २१ मिमी, दुसरा २३ ते ३२ मिमी आणि तिसरा ३४ ते ४६ मिमी असतो. ब्रिटिश पद्धतीत पहिला १४ ते १७, दुसरा १८ ते २४ आणि तिसरा २५ ते ३५ मिमी असतो. म्हणजे ब्रिटिश तिसरा वर्ग जवळजवळ जर्मन दुसऱ्याएवढाच. दुकानात ‘क्लास टू’ एवढेच न सांगता खोक्यावरचा मिमीचा आकडा वाचावा. त्वचेत बदल झालेल्या पायाला, धमन्या चांगल्या असतील तर, बहुधा जर्मन दुसरा वर्ग लिहून दिला जातो. तो सोसत नसेल तर खालचा वर्ग घ्यावा. कपाटात ठेवलेल्या जास्त दाबाच्या मोज्यापेक्षा रोज घातलेला कमी दाबाचा मोजा केव्हाही जास्त उपयोगी. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातून मिळालेले पांढरे मोजे पुष्कळजण या कामासाठी वापरतात. ते पडून असलेल्या रुग्णाच्या पायात गुठळी होऊ नये म्हणून बनवलेले असतात. त्यांचा दाब या विकाराला पुरत नाही.

माप सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्याआधी घ्यावे. घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत मोठा घेर आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटे खालपर्यंतची उंची, ही तीन मापे दोन्ही पायांची वेगवेगळी लिहून घ्यावीत. संध्याकाळी सुजलेल्या पायाचे माप देऊन आणलेला मोजा सकाळी ढिला होतो. मग दुकानदार लहान माप देतो आणि तो काचतो. ‘मोजे मानवले नाहीत’ म्हणून आलेल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी मला चुकीचे मापच सापडते.

चढवण्याची रीत अशी आहे. अंथरुणातून उतरण्याआधी, पाय कोरडा करून, मोजा टाचेपर्यंत उलटा करावा. पावलाचा भाग आधी बसवावा, टाच टाचेच्या खोळीत नेमकी आली का ते पाहावे आणि मग उरलेला भाग थोडा थोडा करून तळहातांनी वर सारावा. वरच्या काठाला धरून ओढू नये. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड फार चांगली येते आणि नखांनी धागा ओढला जात नाही. पुढचा भाग उघडा असलेला मोजा असेल तर पावलावर आधी गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. तिच्यावरून मोजा सहज सरकतो आणि मग पिशवी बोटांच्या बाजूने काढून घेता येते. बायकांनी जोडवी आणि पैंजण आधी उतरवावेत. जोडव्याच्या कडेला अडकून नवीकोरी जोडी पहिल्याच दिवशी उसवलेली मी पाहिली आहे, आणि पैंजण मोज्याखाली राहिले तर कडक झालेल्या त्वचेवर त्याचा घट्टा पडून तिथेच जखम सुरू होते. काही बायकांना जोडवी काढणे मनाला पटत नाही. त्यांच्यासाठी पुढून उघडा मोजा घ्यावा, तो चढवताना तेवढी जोडवी उतरवावीत आणि नंतर पुन्हा घालावीत. वरचा काठ कधीही दुमडू नये. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो आणि गुडघ्याखाली पाय आवळला जातो.

उन्हाळ्याचे म्हणाल तर सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ एवढे तास तरी मोजा पायात असावा. भर दुपारी तो काढला तर पाय खाली लोंबकळत ठेवून बसू नये. आडवे होऊन पाय उशीवर, हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावेत. मोज्यावरून पाण्याचा हलका फवारा मारला तर बराच गारवा मिळतो. कमरेला आधार घेऊन टाचा उचलण्याचा आणि बसल्या जागी पावले वर-खाली करण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करावा, कारण पोटरी हलली नाही तर मोज्याचा निम्मा लाभ वाया जातो. आपण हात वर धरून उभ्याने नोकरी केलीत. आता निदान उभे राहणे कमी आणि चालणे जास्त, एवढा बदल करता येईल.

ऊनसावली

सविस्तर उत्तराबद्दल आभार. दुपारी मोजा काढला तर चालते, हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. दिवसभर घाला नाहीतर उपयोग नाही, असेच ऐकत आलो होतो. धमन्यांची तपासणी करून घेतो आणि सुनेला पट्टी शिकायला पाठवतो.

अजिंक्यतारा

मी रक्तवाहिन्यांचा शल्यविशारद आहे. लेझरने शीर बंद केली की मोजे कायमचे सुटतील का, हा प्रश्न रोज विचारला जातो, म्हणून त्याविषयी लिहितो.

इंग्लंडमध्ये ५०० रुग्णांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला केवळ दाबाचा उपचार दिला आणि दुसऱ्या गटाला दाबासोबत वरवरच्या शिरेची शस्त्रक्रिया केली. २४ आठवड्यांत जखम भरण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ६५ टक्के होते. परंतु भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचे प्रमाण फक्त दाबाच्या गटात २८ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के होते. पुढे २०१८ साली ब्रिटनमधील ४५० रुग्णांच्या अभ्यासात शिरेच्या आतून केल्या जाणाऱ्या उपचारांना, म्हणजे लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा फेसाच्या इंजेक्शनांना, लवकर सुरुवात केली. तेव्हा निम्म्या रुग्णांची जखम ५६ दिवसांत भरली. उशिरा उपचार केलेल्या गटात त्यालाच ८२ दिवस लागले. दाब दोन्ही गटांना दिलेलाच होता. जखम भरण्याचे काम दाब करतो आणि ती परत येऊ नये यासाठी शिरेतला उलटा प्रवाह बंद करणे मोलाचे ठरते, असा माझा रुग्णालयातला अनुभवही सांगतो. दोष खोल शिरांमध्ये असेल, किंवा पूर्वी तिथे गुठळी झाली असेल, तर लेझरने सगळे सुटत नाही आणि मोजे बहुधा कायम लागतात. म्हणून जाहिरात पाहून लेझरची तारीख ठरवण्याआधी, उभे करून केलेल्या डॉप्लरचा अहवाल जाणत्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा. झोपवून घाईने केलेल्या तपासणीत उलटा प्रवाह नीट दिसत नाही.

शिरांसाठी दिल्या जाणाऱ्या डायोस्मिनसारख्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज काहींना कमी वाटते. त्या दाबाच्या जोडीने घ्याव्यात. तीन महिने नीट दाब देऊनही न भरणाऱ्या किंवा कडा उंचावलेल्या जखमेचा तुकडा तपासायला द्यायलाच हवा, कारण जुन्या जखमेत क्वचित कर्करोग उद्भवतो.

चाफेकळी

थेम्सकाठ ताई, आपल्या सांगण्यावरून मोजे बाजूला ठेवले. डॉक्टरांनी अंगठ्यातला दाब मोजायला लिहून दिले आहे. एक शंका आहे. उद्या जखम झालीच, तर ती असताना मोजे चालतात की पट्टीच लागते?

थेम्सकाठ

दोन्ही चालतात, पण तपासणीचा आकडा हाती आल्यावरच. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात चार थरांची पट्टी आणि एकावर एक घालायचे दोन थरांचे मोजे यांची तुलना झाली. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांची जखम भरायला मोज्यांच्या गटात ९९ दिवस आणि पट्टीच्या गटात ९८ दिवस लागले. मात्र मोजे सोडून दुसऱ्या उपचाराकडे वळणाऱ्यांची संख्या जास्त होती. ज्यांचा हात चालतो, ज्यांच्या घरी मदतीला माणूस आहे आणि ज्यांची जखम फार वाहत नाही, त्यांना मोजे सोयीचे पडतात. वाकताच येत नाही अशा वयस्कांसाठी वेल्क्रोच्या पट्ट्यांचे वेष्टण मिळते. ते पायाभोवती लपेटून चिकटवायचे असते आणि सूज उतरेल तसे घट्ट करता येते. सासूबाईंच्या बाबतीत मात्र दाब मिळो वा न मिळो, रोज रात्री पावलांचे तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहायला विसरू नका. दाब सुरू झाल्यावर बोटे पांढरी किंवा निळी पडली, बधिरपणा वाढला, किंवा वेदनेने झोप लागेना, तर त्याच क्षणी सगळे काढून टाकायचे आणि डॉक्टरांना गाठायचे.

निर्गुडी

एक पुरवणी. स्निग्ध मलम रात्री मोजा काढल्यावर लावावे, सकाळी नको. तेलकट पायावर मोजा चढत नाही आणि तेलाने त्याचे लवचिक धागे लवकर खराब होतात. खोबरेल तेल लावणाऱ्यांनाही हेच लागू. मोजे रोज सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवावेत, पिळू नयेत, पंच्यात गुंडाळून दाबावेत आणि सावलीत सुकवावेत. दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. साधारण सहा महिन्यांनी ताण कमी होतो, तेव्हा पुन्हा माप घेऊनच नवी जोडी घ्यावी, कारण सूज उतरल्यावर पायाचा घेर बदललेला असतो.

समुद्रकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांचे गुणोत्तर तपासले असून ते पूर्ण दाब देण्याजोगे आहे. पाऊलवाट यांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी नव्याने माप घेतले, तेव्हा आधी आणलेली जोडी पोटरीला घट्ट आणि घोट्याला सैल असल्याचे दिसले; म्हणजे घोट्याला हवा तो दाब मिळतच नव्हता. मापानुसार बनवून घेतलेली जोडी आल्यापासून खाज बरीच कमी झाली आहे आणि रात्रीची झोप लागते. कडकपणा घोट्याच्या वरच्या काठाकडून थोडा सैलावला आहे. रंग जसाच्या तसा आहे, आणि निर्गुडी यांचे उत्तर वाचल्यापासून वडील त्याबद्दल विचारत नाहीत. रबरी हातमोज्यांची युक्ती आईने उचलली असून सकाळी मोजे चढवण्याचे काम तिने आपल्याकडे घेतले आहे.

उभे करून केलेल्या डॉप्लरमध्ये वरवरच्या मोठ्या शिरेत उलटा प्रवाह आणि खोल शिरा चांगल्या, असा अहवाल आला आहे. त्यामुळे दिवाळीनंतर लेझरचे ठरवतो आहोत. मोजे तोवर आणि त्यानंतरही, डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू राहतील. घोट्याचा आणि पोटरीचा घेर रविवारी सकाळी एकाच खुणेवर मोजून वहीत लिहितो आहे. लेझरनंतरच्या नोंदी याच धाग्यावर देईन.